लवणीतली रोहिणी

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात रक्तवाहिन्यांना दोन नावं होती. हृदयाकडून रक्त घेऊन निघते ती रोहिणी, परत आणते ती नीला. आमच्या वर्गात एक रोहिणी होती आणि एक नीलाही होती, त्यामुळे तो धडा खिदळण्यातच संपला. पुढे मेडिकलला गेल्यावर सगळंच इंग्रजीत झालं आणि ही नावं मागे पडली. एकीचं मात्र राहिलं. गुडघ्याच्या मागे खळगी असते, तिला आपल्याकडे लवण म्हणतात. त्या लवणीत राहणारी जी धमनी, तिला मी अजून मनातल्या मनात रोहिणीच म्हणतो.

ती येते मांडीतून. मांडीत तिचं नाव वेगळं असतं. गुडघ्याच्या थोडं वर, आतल्या अंगाला, एका मोठ्या स्नायूत कमानीसारखी फट आहे. तिच्यातून वाकून ती मागच्या बाजूला उतरते आणि उंबरा ओलांडला की नाव बदलतं. सासरी आल्यासारखं. इथला तिचा मुक्काम जेमतेम वीतभर लांबीचा, जाडी शिसपेन्सिलीहून किंचित कमी. वाटेत गुडघ्याला पाच बारीक फाटे देते आणि पोटरीच्या वरच्या अंगाला पोचली की सगळा कारभार तीन लेकींच्या हवाली करून स्वतः संपते. एक लेक नडगीच्या पुढून जाते, एक पोटरीतून उतरून आतल्या घोट्यामागे निघते, एक बाहेरच्या बारक्या हाडाच्या कडेकडेने. पायाच्या करंगळीपर्यंत जे काही पोचतं ते या तिघींच्या हातून.

घरात तिची जागा माजघराची. लवणीवर बोट दाबलं तर आधी लागते ती मज्जातंतूची दोरी. तिच्याखाली नीला. आणि सगळ्यांच्या खाली, पार हाडाला टेकून, ही. त्यामुळे तिची भेट घेणं हा मोठा खटाटोप. मनगटावरची नाडी सार्वजनिक आहे, वैद्यापासून कंपाउंडरपर्यंत कुणीही धरावी. गळ्यावरची नाडी सिनेमावाल्यांनी प्रसिद्ध करून ठेवली आहे. हिच्यासाठी मात्र रोग्याला उताणं झोपवायचं, गुडघा किंचित वाकवून पाय सैल सोडायला सांगायचा, दोन्ही हातांचे अंगठे पुढे वाटीवर ठेवायचे आणि आठही बोटं मागे लवणीत रुतवून वाट बघायची. कधी येते, कधी येत नाही. परीक्षेत सरांनी विचारलं, ‘लागली का?’ की आम्ही सगळे ठामपणे म्हणायचो, ‘लागली सर.’ त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्याच बोटांतली धडधड लागलेली असायची. एका परीक्षकांनी हे ओळखून विचारलं होतं, ‘मग मिनिटाला किती?’ आणि पोराने घाबरून स्वतःचे एकशे वीस सांगितले होते, रोग्याचे होते सत्तर.

उलट एखाद्याच्या लवणीत हात घातल्याबरोबर ती टपाटप हाताला आली, तर आनंद मानायचा नाही. एवढी लाजाळू बाई अंगणात येऊन उभी राहिली, म्हणजे काहीतरी बिनसलंय. बहुतेक वेळा ती फुगलेली असते. या फुगलेल्या रोहिणीने एकेकाळी लंडनच्या घोडागाडीवाल्यांना हैराण केलं होतं. गुडघ्यापर्यंतच्या ताठ बुटांची कड लवणीत रुतून ती फुगते, असं त्या काळी मानत. तेव्हा उपाय दोनच: पाय कापणं, नाहीतर तो फुगा उघडून जीव धोक्यात घालणं. डिसेंबर १७८५ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटरने ४५ वर्षांच्या एका गाडीवानाच्या बाबतीत तिसरीच युक्ती केली. फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत जाऊन तिथे धमनी बांधून टाकली. त्याचा भरवसा आजूबाजूच्या बारीक फाट्यांवर होता, मुख्य रस्ता बंद केला तरी गल्लीबोळांतून रक्त खाली पोचेल. पोचलं. गाडीवान स्वतःच्या पायांनी घरी गेला. वर्षभरानंतर तो कसल्याशा तापाने वारला, तेव्हा हंटरने त्याचा पाय मिळवला आणि आपली युक्ती आत कशी चालली होती ते उघडून पाहिलं. मांडीतल्या ज्या बोगद्यात त्याने धमनी गाठली, त्याला आजही हंटरचंच नाव आहे.

तिचं राहणं मात्र मोठं अवघड जागी. बाकीच्या धमन्या बऱ्यापैकी सरळ बोळातून चालतात. हिचा बोळ बिजागरीत आहे. दाराच्या बिजागरीतून वायर ओढली तर इलेक्ट्रिशियनला आपण मूर्ख म्हणू, पण निसर्गाने नेमकं तेच केलंय. आणि आपण तर मांडी घालून जेवणारे, उकिडवं बसून भांडी घासणारे लोक. दर वेळी गुडघा मिटतो तेव्हा ही आत वळ्या पाडून घेते, आणि उठलो की पुन्हा सरळ. दिवसातून शेकडो वेळा. वर त्या स्नायूच्या फटीत आणि खाली पोटरीच्या कमानीत ती जखडलेली, मधल्या वीतभरात काय ती मोकळी. म्हणून मोटारसायकल घसरून गुडघा सांध्यातून निखळला की हाडापेक्षा हिची काळजी आधी करायची असते. दोन टोकं बांधलेली दोरी मधे ताणली तर दुसरं काय होणार! दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांची ही धमनी नुसती बांधून टाकावी लागायची, आणि त्यातल्या साधारण ७३ टक्क्यांचे पाय गेले. हंटरच्या गाडीवानाचे फाटे वर्षानुवर्षं हळूहळू तयार झालेले होते, या पोरांना तेवढी सवड कुठली. आता शिवता येते, पण हाताशी सहा तास असतात. जिल्ह्याच्या गावातून निघालेली ॲम्ब्युलन्स आणि ते सहा तास यांचं गणित मांडत बसायचं काम मी बऱ्याच रात्री केलं आहे.

म्हातारपणी ती स्वतःच बिघडते. साखर, तंबाखू, चरबी यांनी आतून किटण धरतं, नळाला क्षार धरतात तसं. तो रोग सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या तपासण्यांची पॅकेजं निघाली आहेत. पण विशी-तिशीतल्या पायात रक्त कमी पडायला लागलं, तर मी आधी तिच्यावर आळ घेत नाही. तरुण रोहिणी गुणाची असते. तिचा शेजार तपासावा.

पहिला शेजारी पोटरीचा मोठा स्नायू. याला वरच्या बाजूला दोन तोंडं, एक गुडघ्याच्या आतल्या अंगाला, एक बाहेरच्या, आणि दोघांच्या मधून ही निमूट खाली जाते. ही झाली कागदोपत्री हद्द. आईच्या पोटात पाय घडत असतो, तेव्हा आतल्या अंगाचं ते तोंड मुळात बाहेरच्या बाजूलाच असतं. ते लवण ओलांडून आत सरकतं. त्याच सुमाराला रोहिणीचाही रस्ता आखला जात असतो. स्नायू आधी गेला आणि ही मागून आली तर प्रश्न नाही. पण ही आधीच बस्तान मांडून बसलेली असली, तर तो जाताना हिलाही फरफटत आतल्या बाजूला नेतो. मग ही स्नायूला वळसा घालून, त्याच्या आणि हाडाच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून जायला लागते. कधी ती जागेवर असते, पण स्नायूचाच एखादा जादा पदर तिच्यावरून आडवा गेलेला असतो. शेतात शेजारी दरवर्षी वीतभर बांध कोरतो ना, तसला हा प्रकार. लहानपणी कळत नाही. पोरगं धावायला लागलं, पोटरी भरली, की शेजाऱ्याचं वजन वाढतं.

हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ते १८७९ मध्ये एडिंबरोच्या एका विद्यार्थ्याने. टी. पी. अँडरसन स्टुअर्ट त्याचं नाव. ६४ वर्षांच्या एका माणसाचा सडलेला पाय कापला होता. या पोराने तो उलगडला आणि धमनी भलत्याच वाटेने गेलेली पाहिली. पुढे हाच स्टुअर्ट सिडनीला गेला आणि त्याने तिथलं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. त्याच्या टिपणाचा उपयोग जिवंत माणसाला व्हायला मात्र १९५९ उजाडलं. हॉलंडमध्ये लायडनला बारा वर्षांच्या एका मुलाचा तो स्नायू सोडवला, तेव्हा. रोगाला आजचं नाव मिळालं त्यानंतर, १९६५ मध्ये. नावाचा अर्थ सरळच आहे: अडकलेली.

मी हा रोग पुस्तकात वाचला, पास झालो आणि विसरलो. नंतर कबड्डी खेळणारा एक पोरगा आला होता. धावलं की पोटरी भरून यायची, थांबलं की बरं. मी पायाच्या नाड्या बघितल्या. बघितल्या नाहीत असं नाही. पण झोपवून बघितल्या. त्या लागल्या. ‘नस चढते तुझी,’ म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. दीड वर्षाने तो परत आला तेव्हा अंगठा गार होता. रोज उठून चेंगरली जाऊन रोहिणीच्या भिंतीला घट्टे पडले होते आणि शेवटी आत रक्त गोठलं होतं. स्नायू तर कापावा लागलाच, शिवाय मांडीतली नीला काढून तिचा वळणरस्ता जोडावा लागला. पाय वाचला, कबड्डी गेली. झोपलेल्या पायाला विचारलं तर तो शहाण्यासारखंच उत्तर देणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

त्यामुळे पोलीस भरतीची तयारी करणारा एक २१ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर येऊन बसला, तेव्हा मी जरा सावरून बसलो. सोळाशे मीटर धावायचं असतं, म्हणजे मैदानाचे चार राउंड.

‘पहिले दोन राउंड आरामात जातात सर. तिसऱ्याला उजव्या पोटरीला गोळा येतो. पाऊल बधिर पडल्यागत होतं.’

‘थांबल्यावर?’

‘दोन मिनटात काहीच नाही. पुन्हा पळालो की पुन्हा तेच.’

अकॅडमीतल्या सरांनी वॉर्मअप कमी पडतं म्हणून झापलं होतं. आईने केळी आणि नाचणी सुरू केली होती. कुणीतरी कमरेत शीर दबली म्हणून एमआरआय करायला लावला होता, त्यात वयाला न शोभेल असं काहीच नव्हतं, तरी पट्टा मिळाला होता. वडील फाईल उघडून एकेक कागद माझ्यापुढे ठेवत होते, उसाच्या बिलाच्या पावत्या ठेवाव्यात तसे, तारखेच्या क्रमाने.

मी त्याला टेबलावर घेतलं. आतल्या घोट्यामागे बोटं ठेवली. मधल्या लेकीची नाडी तिथे भेटते, आणि आई दबली की लेक गप्प होते. खणखणीत लागत होती. ‘आता पंजा खाली दाब. आईचं शिलाई मशीन आहे ना घरी? पायडल दाबतात तसा. जोरात. धरून ठेव.’ त्याच्या पोटरीचा गड्डा वर आला. आणि माझ्या बोटांखालून ती नाडी बारीक होत होत गेली. दोन ठोके, तीन, मग काहीच नाही. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. ‘सोड.’ सोडल्यावर श्वासभर थांबून ती परत आली. डाव्या पायाला हेच करून बघितलं. तिथे ती हलली नाही.

एवढ्यावर निकाल देता येत नाही, हेही सांगायला हवं. पोटरी कमावलेल्या किती तरी धडधाकट पोरांमध्ये जोर लावला की ही नाडी हरवते, आणि त्यांना काडीचाही त्रास नसतो. म्हणून पळवून घोट्याचा रक्तदाब बघायचा, पंजा सैल असताना आणि दाबलेला असताना डॉपलर करायचा, मग गुडघ्याचा एमआरआय. तो आला. उजव्या बाजूला रोहिणी सरळ खाली न येता आत वळून स्नायूला प्रदक्षिणा घालून येत होती. भिंत अजून शाबूत होती. वडिलांनी विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, हार्टला टाकतात तशी स्प्रिंग टाकून नाही का भागणार?’ प्रश्न बरोबर होता. पण बांध कोरणारा बाहेर तसाच राहिला, तर आत स्प्रिंग टाकून ती किती दिवस टिकणार? स्नायूचा तो पदर तोडून तिला वाट मोकळी करून देणं, एवढंच काम होतं.

दुसरा शेजारी गुडघ्याचा सांधा. त्याच्याविषयी फार बोलण्यासारखं नाही, तो क्वचितच वाकड्यात शिरतो. सांध्यातलं वंगण कुठूनतरी झिरपून धमनीच्या भिंतीतच साठतं, अशी आज सगळ्यात जास्त मानली जाणारी अटकळ आहे. स्वीडनमध्ये १९५४ साली हे पहिल्यांदा लवणीत सापडलं. उघडून पाहिलं तर आत पिकलेल्या भोकराचा गर असतो तसला चिकट पदार्थ निघतो. गर वाढला की रोहिणी एका बाजूने दाबली जाते, आणि चित्रात ती वाकड्या तलवारीच्या पात्यासारखी दिसते. तिशी-चाळिशीतली, एरवी ठणठणीत माणसं. इथे पंजा दाबून उपयोग नाही, गुडघा पूर्ण मिटवला की पावलावरची नाडी जाते. गंमत अशी की कधीकधी तो गर आपोआप जिरतो आणि रोगी ज्या कुणाचा अंगारा त्या आठवड्यात लावला असेल त्याला श्रेय देऊन मोकळा होतो.

धुराला शेजारी म्हणवत नाही. तो बोलावलेला पाहुणा. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातलं तेंदूचं पान, त्यात तंबाखू, आणि सोलापूर-सिन्नरकडच्या बायकांच्या बोटांनी वळलेली बिडी. पान बिचारं निमित्त, करणी तंबाखूची. हा पाहुणा रोहिणीपाशी सहसा थांबत नाही, थेट लेकींच्या घरी जातो. पंचेचाळिशीच्या आतला पुरुष, पोटरीऐवजी तळव्याच्या कमानीत दुखणं, बोटं थंड, नखाशेजारी न भरणारी चीर. इथे नीलाही सुटत नाही, कातडीखाली तिच्या लालसर दुखऱ्या दोऱ्या आज इथे, महिन्याने तिथे उमटतात. बंद पडलेल्या धमनीच्या आजूबाजूला काकडीच्या वेलीच्या तणाव्यांसारख्या वेटोळ्या वाहिन्या फुटतात, जिवाच्या आकांताने रक्त खाली न्यायला बघतात. याचीही पहिली नोंद १८७९ चीच, व्हिएन्नात, फेलिक्स फॉन विनीवार्टरने केलेली, तीही एका कापलेल्या पायावरून. एकाच वर्षी दोन शहरांत दोन तुटके पाय बोलले, ऐकणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. नाव मात्र मिळालं लिओ बर्गरला. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला त्याने असे अकरा अवयव तपासले.

या पाहुण्याला घालवायचा उपाय एकच आणि तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. बिडी कमी करून चालत नाही, बिडी सोडून मिश्री लावून तर मुळीच नाही. शिकत असताना आमच्या वॉर्डात तिशीचा एक जण होता. दोन बोटं गेलेली, तिसरं काळं पडत चाललेलं. मी त्याला तळमळीने अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली, आणि मी उठताना हळूच विचारलं, ‘काडेपेटी आहे का हो डॉक्टर?’

भरतीवाल्या पोराचं ऑपरेशन पुण्याला झालं. ती भरती हुकली. मेअखेर तो वडिलांबरोबर दाखवायला आला. लवणीत बोटभर लांबीचा व्रण, अजून गुलाबी. मी घोट्यामागे बोटं ठेवून पंजा दाबायला लावला. ती चालू राहिली. पोरगं माझ्या चेहऱ्याकडे बघत होतं. मी त्याचंच बोट धरून तिथे नेऊन ठेवलं.

‘कुठंय?’

‘दाबू नकोस. नुसतं ठेव.’

थोडा वेळ गेला. मग त्याच्या भुवया वर गेल्या. तो पंजा दाबून बघायला लागला, सोडून बघायला लागला, पुन्हा दाबून. उठायचं नावच घेईना. वडील दारात चपला घालून उभे होते, बंडीच्या खिशात बिडीचा कट्टा. ‘आटप रे,’ ते म्हणाले, ‘रोहिणीचा पाऊस झालाय, रानात जायचंय.’

‘थांबा अण्णा,’ तो म्हणाला, ‘तुमची बघू द्या.’ आणि टेबलावरून उतरून तो खाली त्यांच्या पायाशी उकिडवा बसला.